मांडवाची उंची

आमच्या मागच्या अंगणातल्या मांडवाखाली माझा नवरा ताठ उभा राहू शकत नाही. पाहुण्यांपैकी जे उंच असतात तेही राहू शकत नाहीत. दारासमोरच्या अँगलला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, त्यामुळे आता खोक पडत नाही, नुसता ठोसा बसतो. ठोसा बसलेला माणूस कपाळ चोळत विचारतो, की हा एवढा बुटका का केला? नवरा त्याला सांगतो, "आमच्या घरात मान खाली घालूनच राहायची पद्धत आहे." मग सगळे माझ्याकडे बघून हसतात आणि मी चहा ठेवायला आत जाते. खरं उत्तर चहाच्या वेळात सांगून होत नाही.

माझे वडील, आप्पा, निफाडजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकुलती. द्राक्षाची बाग त्यांनी माझ्या चुलत भावाला वाट्याने करायला दिली होती, पण रोज सकाळी तिथे जाऊन त्याचं काय चुकतंय ते सांगायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. एका हिवाळ्यात ते अंगणातल्या धुण्याच्या दगडाशी पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नाशिकलाच झालं. दवाखान्यातून मी त्यांना सरळ गंगापूर रोडला माझ्या घरी आणलं. त्यांनी विरोध केला नाही, कारण तेव्हा त्यांना कूस बदलायलाही माणूस लागत होता.

विरोध सुरू झाला वॉकर हातात आल्यावर.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. घरात चाला, बाहेर चाला, अंगावर ऊन घ्या. आप्पा पलंगापासून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत चालायचे आणि तिथे बसून राहायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. आमच्या रो-हाऊसच्या मागे बऱ्यापैकी अंगण आहे, पण ते पश्चिमेला. दुपारी शहाबादी फरशी अशी तापते की वाळत घातलेले कपडे काढायलाही चप्पल घालून जावं लागतं. पलीकडे कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे शेजाऱ्यांची भिंत. मागे जाऊन बसा असं म्हटलं की आप्पा म्हणायचे, "तिथं काय हाय? फरशी." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मग एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की पाय नीट टेकायला लागला की ते गावी जाणार. त्या घराला दारात तीन उंच पायऱ्या आहेत, न्हाणीघर अंगण ओलांडून आहे आणि चुलत भावाचं घर हाकेच्या अंतरावर नाही. ते तिथे पुन्हा पडले असते, याबद्दल मला शंका नव्हती. पुन्हा पडले असते तर मला नोकरी सोडून तिथे जाऊन राहावं लागलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. हे कोरडं वाटेल, पण मी तेव्हा असाच विचार केला. त्यांना जबरदस्तीने ठेवण्यात अर्थ नव्हता. चिडलेला म्हातारा माणूस गप्प बसून सगळं घर आजारी पाडतो. त्यांना इथे राहावंसं वाटेल असं काहीतरी करणं भाग होतं, आणि ते पाय पूर्ण बरा व्हायच्या आत करायला हवं होतं.

मी एक गोष्ट पाहिली होती. संध्याकाळी ऊन उतरलं की आप्पा वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे राहायचे. उंबरा ओलांडायचे नाहीत, पण उभे राहायचे. म्हणजे बाहेर यायचं मन होतं, आडवं येत होतं ते ऊन. उन्हावर इलाज करता येतो.

आमच्या गल्लीत एका घराने तेव्हा नवीन पर्गोला केला होता. पांढऱ्या चौकोनी पाइपांचा, वर प्लॅस्टिकचे वेल आणि पिवळे दिवे. मी फोनवर त्याचा फोटो काढून आणला आणि आप्पांना दाखवला. असं काहीतरी मागे करू या म्हटलं. त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"याच्यावर काय चढवलंय?"

"काही नाही आप्पा. शोभेचं असतं."

"नुसता मांडव? लग्न झाल्यावर लोक मांडव काढतात तरी."

नवरा खोकला. त्याचं म्हणणं होतं की बाजारात मोठी छत्री मिळते, दगडाच्या पायात रोवायची, काम संपलं. पण आप्पांच्या आवाजात दवाखान्यानंतर पहिल्यांदा धार आली होती आणि मी ती सोडणार नव्हते. मी विचारलं, मग कसा करायचा?

त्यानंतर दोन-तीन दिवस ते टीव्ही लावायला सांगायला विसरले. चुलत भावाने आदल्याच वर्षी दोन बागांपैकी जुनी काढून टाकली होती. वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या. तिचे लोखंडी अँगल आणि तारा घरामागे रचून ठेवल्या होत्या. आप्पांनी त्याला फोन करून पिकअप भरायला लावली. मी नवीन पाइप आणायला तयार होते, पण त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या मते नवीन लोखंड पातळ येतं. पिकअपमधून अँगल आले, तारांची वेटोळी आली, आणि एका खोक्यात त्यांची छाटणीची कात्री, कानस आणि सुतळीचा गुंडा आला. कात्री त्यांनी मागितली नव्हती, पण आल्यावर लगेच आपल्या उशाशी ठेवली.

वेल कुठला लावायचा, यावर मात्र आमचं भांडण झालं. मला कृष्णकमळ हवं होतं. वर्षभर हिरवं, लवकर वाढतं, कात्री लागत नाही. आप्पांनी कृष्णकमळाचं नावही पुरतं ऐकून घेतलं नाही. मांडवावर द्राक्षच. मी म्हटलं, द्राक्षाची एक छाटणी एप्रिलमध्ये करतात. म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या महिन्यात आपण आपल्या हाताने पानन् पान उतरवणार आणि मांडव उघडा पाडणार. सावलीसाठीच मांडव करायचा आणि सावली हवी तेव्हाच ती कापून टाकायची, हा उद्योग फक्त निफाडचा माणूस करू शकतो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तेवढे दिवस वर सावलीची नेट टाकायची." हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथे संपला. मीही संपवला. द्राक्षाला वर्षभर लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष देणारा माणूस सकाळ-संध्याकाळ बाहेर बसतो. त्या दृष्टीने कृष्णकमळ निरुपयोगी होतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी बघते. मशीनचे स्टँड, रॅक, ट्रॉल्या यांचं काम आम्ही ज्या फॅब्रिकेटरला देतो, त्यालाच मी घरी बोलावलं. मी त्यांना भाई म्हणते. वयाने माझ्याएवढेच, कामात पक्के, बोलण्यात मिस्कील. मी त्यांना नेहमीसारखं ड्रॉइंग करून दिलं: लांबी, रुंदी, खांब कुठे, आडवे किती, तारांमधलं अंतर, उंची आठ फूट. भाईंनी कागद पाहिला आणि म्हणाले, "ताई, घरच्या कामाला पण इन्स्पेक्शन लागणार का?" मी म्हटलं, लागणार. माल परतही जाईल.

काम सुरू झालं तेव्हा रोजे चालू होते. भाई पहाटेनंतर लगेच यायचे आणि ऊन चढायच्या आत उरकून जायचे. ते काम करत असेपर्यंत आप्पा चहा मागायचे नाहीत. मी दिला तर ठेव म्हणायचे, आणि भाई गेल्यावर गार झालेला प्यायचे. दोघांचं जमलं होतं. आप्पा आता दारात खुर्ची टाकून बसत. खांब रोवायच्या खड्ड्यात किती पाणी घालायचं, तार कुठून ताणायची, हे ते सांगत आणि भाई "हो बाबा" म्हणत आपल्याला हवं ते करत. मला वाटलं, अर्धं काम झालं.

अँगल कापून उभे करायच्या दिवशी आमच्याकडे ऑडिट होतं. मी सकाळी लवकर गेले आणि दिवेलागणीला परत आले. गाडी लावून, बाजूच्या बोळातून मागे गेले. मांडव उभा होता. खांब सिमेंटमध्ये बसले होते, आडवे अँगल जोडले होते, तारा ताणलेल्या होत्या, अगदी वीणेसारख्या. आप्पा मांडवाखाली खुर्चीत बसले होते. उंबऱ्याबाहेर. वॉकर बाजूला उभा. त्यांना तसं बसलेलं पाहून मला इतकं बरं वाटलं की बाकी काही माझ्या लक्षातच आलं नाही.

तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरातून पाण्याचा जग घेऊन बाहेर आला आणि त्याचं कपाळ अँगलवर आपटलं. जग पडला. भुवईच्या वर चांगली खोक पडली होती. मी हळद आणि कापूस आणला, त्याला पायरीवर बसवलं, आणि दाबून धरता धरता वर पाहिलं. आठ फूट कुठेच नव्हतं. जेमतेम सहा असेल.

मग काय झालं होतं ते कळलं. आप्पांनीच सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. भाईंनी कापायच्या आधी माझा कागद त्यांना दाखवला होता. आप्पा म्हणाले, तो कागद ठेवा बाजूला. मांडवाची उंची फुटात मोजत नसतात.

हे खरं आहे. आमच्या भागात मांडवाची बाग उभी करताना उंची ठरते ती छाटणाऱ्याच्या हाताने. घरात जो छाटणी करतो तो जमिनीवर सपाट पाय ठेवून उभा राहतो, हात वर करतो, कोपर जरा सैल सोडतो, आणि त्याच्या मनगटापाशी तार येईल अशी खूण करतात. तार त्याहून वर गेली तर दिवसभर छाटून खांदे भरून येतात. खाली आली तर मान मोडते. आप्पांच्या दोन्ही बागा आप्पांच्या हाताने मोजलेल्या होत्या. बाकी सगळ्यांनी त्या मापात आपापली सोय करायची. आईला घडांची विरळणी करायला, म्हणजे जादा मणी काढायला, हात पुरत नसे. ती पालथ्या क्रेटवर उभी राहायची. पुढच्या वेलीखाली जायचं तर खाली उतरायचं, क्रेट सरकवायचा, पुन्हा चढायचं. सगळ्या हंगामात, सगळी ओळ. तिच्या पायात गोळे यायचे आणि रात्री ती माझ्याकडून पोटऱ्या रगडून घ्यायची. क्रेटबद्दल ती किंवा आणखी कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. बाग आप्पांच्या हाताची होती.

तर त्या दिवशी आप्पा खुर्चीतून उठले होते, डाव्या हाताने वॉकर धरला होता, उजवा हात वर केला होता, आणि भाईंनी तिथे खडूने खूण करून अँगल कापले होते.

नवरा कापूस धरून पायरीवर बसला होता. तो चिडला नव्हता. त्याला नुसतं नवल वाटत होतं. तो म्हणाला, "पण आप्पा, लग्न ठरलं तेव्हा मी तुमच्या बागेत फिरलो होतो. चांगला या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोकं कुठेच लागलं नव्हतं."

त्याने काही मनात ठेवून म्हटलं नव्हतं. आप्पांनी मांडवाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आपल्या उजव्या हाताकडे. बागेत जावई ताठ चालला होता आणि माप तोच हात होता. मग इथे काय बदललं, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. आम्हा दोघांना मात्र लागला. ते उठले, वॉकर उचलून उंबरा ओलांडला आणि आपल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. मी ताट आत नेलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझं मापच खोटं निघालं."

मी म्हटलं, लोखंड आहे, जोडता येतं. झोपा.

सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. दोन धोतरं, सदरे, औषधांचा डबा, सगळ्यात वर सुतळीचा गुंडा. कात्री नव्हती. ती खिडकीत काढून ठेवली होती. चुलत भावाला त्यांनी स्वतः फोन केला होता आणि रविवारी न्यायला ये म्हणून सांगितलं होतं. मला त्यांनी एवढंच सांगितलं की मांडव माझ्या कागदाप्रमाणे करून घ्यावा, त्यावर हवं ते फूल चढवावं, आणि त्यात त्यांना काही विचारू नये. आवाज पुन्हा टीव्हीसमोरचा झाला होता.

मी वाद घातला नाही. वाद घालून माणूस थांबत नाही, आणि माझ्या हातात शनिवार होता. मी भाईंना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी पाहून त्यांनी कान पकडले.

"ताई, मी विचारलं ना बाबांना. बाबा बोलले, हाताला लागलं पाहिजे. हाताला लागत होतं."

"कागदावर आठ फूट होतं, भाई."

"कागद काय, उद्या दुसरा येईल. बाबांना कोण सांगणार, तुम्ही कमी झाले म्हणून? मला नाही जमलं."

त्यांना दिसलं होतं. त्यांनी म्हाताऱ्याचा मान राखला आणि लोखंड कापलं. कारखान्यात मी असा माल परत पाठवला असता. इथे मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

अँगलचे कापलेले तुकडे भिंतीशी पडलेले होते. भंगारवाला दारावरून गेला होता, पण मी काही दिलं नव्हतं. काम तपासून होईपर्यंत मी काही देत नाही. भाईंनी तुकडे लावून पाहिले. खांब मधोमध कापायचा, तुकडा घालायचा, दोन्हीकडून वेल्ड करायचं, वरून पट्टी. दिसायला ठिगळ दिसेल, पण हलणार नाही. तारा सोडून पुन्हा ताणाव्या लागतील. दुपारच्या आत होईल. त्यांनी मशीनची वायर सोडली आणि मला म्हणाले, कुठपर्यंत उचलू ते एकदा हात करून दाखवा, म्हणजे पुन्हा घोळ नको.

मी तारेखाली गेले आणि वर दाखवण्यासाठी हात उंचावला. तार माझ्या मनगटाला लागली.

मी हात खाली घेतला. चप्पल काढली, फरशीवर सपाट पाय ठेवले, पुन्हा हात वर केला, कोपर सैल सोडलं. मनगट. मी पलीकडच्या तारेखाली जाऊन तेच केलं. भाई वायर हातात धरून बघत होते. मी म्हटलं, थांबा, मशीन लावू नका.

मी आत गेले. खिडकीतली कात्री उचलली, बाहेर आले आणि तारेशी हवेतच छाटून पाहिलं. उजवीकडे, डावीकडे, मागे वळून. हात भरून येत नव्हता, मान दुखत नव्हती. मला टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. मी आईच्याच उंचीची आहे. लहानपणी बागेत मला वरच्या घडाला हात लावायचा असला तर कोणीतरी उचलून घ्यावं लागायचं, आणि मोठी झाल्यावरही फार फरक पडला नव्हता. माझा हात टाचा न उचलता पुरेल असा मांडव मी पहिल्यांदाच पाहत होते.

कात्री घेऊनच मी आप्पांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते, पिशवी पायाशी.

"आप्पा, वेलीची छाटणी कोण करणार?"

त्यांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"तुमच्याच्याने आता उभं राहून होणार नाही. ह्यांना कात्री कशी धरायची ते माहीत नाही. मीच करणार ना?"

"तुला येत नाय."

"नाही येत. पण करणार मी. मग माप कोणाच्या हाताचं धरायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कागदाप्रमाणे आठ फूट केला तर मला क्रेटवर उभं राहावं लागेल," मी म्हटलं. "आई राहायची तसं. मी राहणार नाही."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. आप्पांनी पायाशी असलेली पिशवी बाजूला सरकवली. मग त्यांनी वॉकरकडे हात केला. मी तो पुढे सरकवला, पण त्यांना उठवायला गेले नाही. ते आपले आपण उठले.

बाहेर मांडवाखाली त्यांनी मला उभं केलं. "हात वर कर. पुरता नाय. कोपर सोड." मी सोडलं. ते वॉकरसकट माझ्याभोवती फिरले, मनगट कुठे लागतं ते पाहिलं, तारेवर दोन बोटं टेकवून ताण पाहिला. मग पायांकडे पाहून म्हणाले, "टाच उचलली का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा केलं.

"आणि जावई?"

"ते वाकतील."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने कपाळावरच्या पट्टीला हात लावला. "माझं कोणी मापच घेणार नाही का?" तो म्हणाला. भाई म्हणाले, "साहेब, तुमचं माप झालं काल." आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी भाईंना वायर गुंडाळायला सांगितली.

भाईंनी एवढंच केलं की दारासमोरच्या अँगलची धार घासून दिली आणि तुकडे पुन्हा भिंतीशी नीट रचून ठेवले. ट्यूबची कल्पना माझी.

रविवारी चुलत भाऊ गाडी घेऊन आला. आप्पा मांडवाखाली खुर्चीत बसले होते. पिशवी खोलीतच होती, भरलेली. ती रिकामी करायला मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी केली नव्हती. चुलत भावाने मांडव पाहिला, आल्या आल्या डोकं आपटून घेतलं आणि विचारलं, निघायचं का? आप्पा त्याला म्हणाले की गाडी घेऊन आलाच आहेस तर नर्सरीतून कलम बांधायला जंगली खुंट घेऊन ये, चांगल्या जाडीचे, आणि येताना शेणखत. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आधी जेवून घे. तो जेवला आणि गेला, आणि दोन दिवसांनी खुंट आणि खत घेऊन परत आला.

पहिल्या उन्हाळ्यात वर नुसती हिरवी नेट होती. आप्पा तिच्याखाली बसून, फरशी काढून लावलेल्या ढोपराएवढ्या दोन खुंटांकडे बघायचे. पाऊस ओसरल्यावर गावच्या बागेतून काड्या मागवून त्यांनी कलमं केली. आम्ही खुर्ची बाजूला करून एक बुटका पाट ठेवला, मी आणि नवऱ्याने त्यांना धरून खाली बसवलं, आणि त्यांनी खुंट चिरून, काडीची पाचर तासून, पट्टी बांधून दिली. दोन्ही कलमं लागली. उठवायला मात्र फार त्रास झाला आणि त्याबद्दल तिघांनीही एकमेकांना बोलून घेतलं.

वेल तारेवर पोचून पसरायला दुसरा उन्हाळा गेला. माझी पहिली खरी छाटणी त्या वर्षी पाऊस संपल्यावर झाली, ऑक्टोबरात. ती घडासाठीची छाटणी. काडीवरच्या कुठल्या डोळ्यावर, म्हणजे फुटव्याच्या जागेवर, आपण कापतो त्यावर घड येणार की नुसता पाला, ते ठरतं. मी कारखान्यातून रजा काढली होती. आप्पा खुर्चीत, वॉकर आडवा करून त्यावर पाय ठेवलेला, हातात काठी. काठीने ते काडी दाखवायचे. मी डोळे मोजायची, कात्री लावायची, आणि ते म्हणायचे, थांब. सकाळभर मी "थांब" ऐकलं. एकदा मी थांबले नाही आणि कापलं. त्यांनी काठी खाली ठेवली, ती पडलेली काडी उचलायला लावली, हातात घेऊन डोळा दाखवला आणि सांगितलं की हा घड होता. मी म्हटलं, असेल. पुढची काडी दाखवा. त्यांनी दाखवली.

त्या हिवाळ्यात आमच्या मांडवाला घड लागले. फार नाही आणि सगळे एकसारखे नाहीत. माझ्या हाताची उंची असल्यामुळे विरळणीला क्रेट लागला नाही. मी सपाट पायांनी उभी राहून मणी काढले. आप्पांचा मणी काढायचा हिशोब आईपेक्षा वेगळा होता. मी आईसारखं केलं. ते बघत होते. त्या एका बाबतीत ते काही बोलले नाहीत.

एप्रिल आला की सगळं पान उतरवून, अंगण उघडं करून, वर नेट चढवायची असते. मी ती दरवर्षी चढवते आणि दरवर्षी म्हणते की हा वेडेपणा आहे. गल्लीतल्या त्या पर्गोल्यावरचे प्लॅस्टिकचे वेल आता उन्हाने पांढरे पडले आहेत, पण त्यांना छाटावं लागत नाही, हे मी आप्पांना मुद्दाम ऐकवते.

आप्पांनी जाण्याचा बेत रद्द केलेला नाही. ते अजूनही सांगतात की एप्रिल छाटणी झाली की जाणार. एप्रिलनंतर म्हणतात, काड्या पिकेपर्यंत थांबतो, तुला कळायचं नाय. मग ऑक्टोबर येतो. पाय आता पुष्कळ बरा आहे. वॉकर मागच्या दाराशी असतो आणि घरातल्या घरात ते काठीवर चालतात. मी त्यांना राहा म्हणत नाही आणि जाऊ नका असंही म्हणत नाही.

पिशवी मात्र मला लागत होती. कात्री, कानस, सुतळी आणि नेटच्या क्लिपा एका ठिकाणी ठेवायला घरात दुसरी चांगली पिशवी नव्हती. एका दुपारी मी त्यांच्यासमोर त्यातले कपडे काढून कपाटात लावले आणि ती मांडवाच्या खांबाला टांगली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, बंद आखूड कर, एवढ्या खाली माझा हात पोचत नाय. मी बंदाला गाठ मारून ती खुर्चीच्या उंचीला आणली.